फ्युएल सेलच्या निविदेत नुसते किलोवॅट लिहू नका

प्रति,
महासंचालक, महाऊर्जा (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण), पुणे;
तसेच रुग्णालये, दूरसंचार मनोरे, डेटा सेंटर आणि पाणीपुरवठा योजनांसाठी फ्युएल सेल बॅकअपचे तांत्रिक परिशिष्ट लिहिणारे सर्व अभियंते

विषय : फ्युएल सेल यंत्रणेच्या पॉवर कंडिशनिंग आणि नियंत्रणाच्या अटी निविदेत स्पष्ट लिहिण्याबाबत

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपले हरित हायड्रोजन धोरण आणले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2022 मध्ये, सीएसआयआर ही केंद्राची संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून केलेली, फ्युएल सेलवर म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून थेट वीज करणाऱ्या यंत्रणेवर चालणारी बस पुण्यात लोकांसमोर आली होती. स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलची थप्पी, बनवण्याचे ज्ञान आपल्या दारात आहे, पैशाची तरतूद आहे. आता खरेदीची वेळ येते आहे, आणि आमची काळजी नेमकी तिथेच आहे.

बॅकअपची यंत्रणा घ्यायची म्हटली की सवयीने डिझेल जनरेटरच्या निविदेचा जुना नमुना पुढे ओढला जातो. क्षमता, व्होल्टेज, फेज, इंधनसाठा, वॉरंटी, देखभाल करार एवढे रकाने भरले की परिशिष्ट तयार. जनरेटरला ते चालते. लोड अचानक वाढला तर इंजिन घुरघुरते, गव्हर्नर डिझेल वाढवतो, फ्लायव्हीलमधली ऊर्जा मधला अर्धा सेकंद निभावून नेते. फ्युएल सेलमध्ये फ्लायव्हील नाही, गव्हर्नर नाही, आणि त्रास होताना तो आवाजही करत नाही. जनरेटरमध्ये ही कामे लोखंड करते. इथे ती पॉवर कंडिशनिंग युनिटने, म्हणजे स्टॅक आणि लोड यांच्यामधल्या कन्व्हर्टर (डीसीचे व्होल्टेज बदलणारा), बॅटरी, इन्व्हर्टर आणि कंट्रोलर या साखळीने करायची असतात. निविदेत तिच्याविषयी दोन ओळीही नसतील, तर सर्वांत स्वस्त कन्व्हर्टर जोडून आलेली यंत्रणा पात्र ठरते आणि महागडा स्टॅक काही महिन्यांत थकतो.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी एकच उदाहरण घेऊ : पीईएम प्रकारचा (आयन वाहणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे मेंब्रेनचा), 72 सेलचा, 5 किलोवॅटचा स्टॅक. एका सेलचे सैद्धांतिक व्होल्टेज 1.23 व्होल्ट. प्रत्यक्षात काहीही लोड नसताना ते साधारण 0.95 असते आणि पूर्ण लोडवर 0.65 पर्यंत उतरते. म्हणजे हा स्टॅक रिकामा असताना 68 व्होल्ट दाखवतो आणि पूर्ण लोडवर 47 व्होल्ट, 107 अँपिअर देतो. बॅटरीच्या व्होल्टेजवरून तिच्यात किती जीव उरला आहे याचा अंदाज बांधायची आपल्याला सवय आहे. फ्युएल सेलमध्ये व्होल्टेज त्या क्षणी किती करंट ओढला जातो आहे हे सांगते. बॅटरीत किंवा जनरेटरमध्ये एवढा मोठा उतार सहसा भेटत नाही.

या उतारामुळे पहिली चूक कन्व्हर्टर निवडतानाच होते. बहुतेक ठिकाणी बॅकअपची बस, म्हणजे कन्व्हर्टर, बॅटरी आणि लोड जिला जोडतात ती सामाईक डीसी वाहिनी, 48 व्होल्टची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची 16 सेलची बॅटरी जोडली तर ती बस साधारण 48 ते 57 व्होल्टमध्ये फिरते. आता स्टॅक 68 वरून 47 वर उतरतो, म्हणजे तो कधी बसच्या वर असतो, कधी खाली. साधा बूस्ट, म्हणजे व्होल्टेज फक्त वाढवणारा कन्व्हर्टर इथे चालत नाही. स्टॅक सुरू होतो तेव्हा त्याचे व्होल्टेज बसपेक्षा जास्त असते. बूस्टचा स्विच बंद असला तरी त्याच्या डायोडमधून करंट थेट बॅटरीत वाहू लागतो आणि कंट्रोलरला तो अडवता येत नाही. स्टॅक अजून थंड, हवा पुरेशी नाही, आणि बॅटरी मात्र मिळेल तेवढा करंट ओढते. त्यामुळे निविदेत स्टॅकचे कमाल आणि किमान व्होल्टेज मागा, बसचे कमाल आणि किमान व्होल्टेज द्या, आणि या दोन पट्ट्या एकमेकींवर येत असतील तर चार स्विचचा बक-बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा आणि उतरवणाराही) किंवा आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टर सक्तीचा करा. सेलची संख्या बदलून स्टॅक कायम बसच्या खाली किंवा कायम वर ठेवणे हाही मार्ग आहे. मात्र तो निर्णय स्टॅकची ऑर्डर देण्याआधी झाला पाहिजे.

दुसरा घोळ किलोवॅटचाच. स्टॅकच्या पाटीवरचे 5 किलोवॅट लोडपर्यंत पोहोचत नाहीत. हवेचा ब्लोअर, कूलंटचा पंप, रेडिएटरचा पंखा, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर मिळून 12 टक्के धरा. बक-बूस्टची कार्यक्षमता 96 टक्के, पुढच्या डीसी-डीसी टप्प्यासह इन्व्हर्टरची 93 टक्के. गुणाकार केला की सॉकेटवर 3.9 किलोवॅट उरतात. हायड्रोजनचा हिशोबही याच ठिकाणी करायचा. 72 सेल आणि 107 अँपिअरला तासाला 290 ग्रॅम हायड्रोजन लागतो. फॅराडेच्या नियमात याहून कमी बसत नाही. म्हणजे 1 किलो हायड्रोजनमधून सॉकेटवर साडेतेरा युनिटच्या आसपास वीज. 47 लिटरच्या, 150 बार दाबाच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या किलोहून जरासाच जास्त हायड्रोजन मावतो, तेव्हा एक सिलिंडर म्हणजे सुमारे 7 युनिट. पूर्ण लोडवर तो दोन तासांच्या आतच संपतो. आठ तासांचा बॅकअप हवा असेल तर किती सिलिंडर लागतील, हे पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका, या आकड्यांवरून ठरवा. निविदेत 'सॉकेटवर निव्वळ किलोवॅट' आणि 'सॉकेटवरच्या प्रत्येक युनिटमागे किती ग्रॅम हायड्रोजन' हे दोन रकाने असले की निम्मे वाद आधीच मिटतात.

आता मुख्य मुद्दा. फ्युएल सेलमधून किती करंट ओढायचा हे लोडच्या हातात देता कामा नये. त्या क्षणी सेलपर्यंत किती हवा आणि किती हायड्रोजन पोहोचला आहे, यावर ते ठरते. हे का, ते एका सेकंदाच्या मापाने पाहू.

स्टॅक 1 किलोवॅटवर शांत चालला आहे. व्होल्टेज 57, करंट साडेसतरा अँपिअर. ब्लोअर गरजेच्या दुप्पट हवा देतो आहे, म्हणजे मिनिटाला साधारण 42 लिटर. इतक्यात पंप आणि फ्रीज एकदम सुरू होतात आणि मागणी 4 किलोवॅटवर जाते. इन्व्हर्टरला फरक पडत नाही. तो काही मिलिसेकंदांत आपल्या इनपुटवरून तेवढी शक्ती मागतो. स्टॅककडून आता 82 अँपिअर हवे आहेत. त्यासाठी मिनिटाला 196 लिटर हवा लागते, पण ब्लोअरच्या पंख्याला वेग घ्यायला सेकंदभर तरी जातो. दरम्यान आत येणारी हवा आहे 42 लिटरच, आणि तिच्यातला सगळा ऑक्सिजन वापरला तरी ती 35 अँपिअरच्या पलीकडे पुरत नाही. चॅनेलमध्ये साठलेला ऑक्सिजन काही क्षणांत संपतो. हवेच्या वाटेवर शेवटी असलेले, किंवा जिथे पाण्याचा थेंब अडकला आहे असे, दोन-चार सेल आधी कोसळतात.

आणि कन्व्हर्टर इथेच उलटे वागतो. बसचे व्होल्टेज काटेकोर सांभाळणारा कन्व्हर्टर बाजूच्या स्रोताला 'स्थिर शक्तीचा लोड' म्हणून दिसतो. स्टॅकचे व्होल्टेज पडले की तेवढीच शक्ती मिळवायला तो आणखी करंट ओढतो. आणखी करंट ओढला की व्होल्टेज आणखी पडते. स्टॅकचा सर्वाधिक शक्तीचा बिंदू ओलांडला की ही घसरण थांबत नाही. बाहेरून दिसते ते एवढेच की यंत्रणा 'अंडरव्होल्टेज' दाखवून ट्रिप झाली. ऑपरेटर रीसेट करतो आणि तोच प्रसंग पुन्हा घडतो. हवेच्या उपासमारीतून सेल बऱ्याचदा सावरतो. हायड्रोजन कमी पडला तर मात्र त्या सेलची ध्रुवता उलटते, उत्प्रेरकाला धरून ठेवणारा कार्बन स्वतःच ऑक्सिडाइज होतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून निविदेत पुढील वागणूक शब्दशः मागावी. फ्युएल सेलचा कंट्रोलर दर 100 मिलिसेकंदांनी 'उपलब्ध करंट' हा आकडा कॅन बसवर, म्हणजे कंट्रोलरांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवर, पाठवील. हवेचा प्रवाह, हायड्रोजनचा दाब, कूलंटचे तापमान आणि सर्वांत कमकुवत सेलचे व्होल्टेज पाहून तो ठरेल. कन्व्हर्टर स्टॅकमधून त्याहून जास्त करंट कोणत्याही परिस्थितीत ओढणार नाही. करंट वाढण्याचा वेग स्टॅक-निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत राहील. तशी मर्यादा दिलेली नसेल तर आमच्या उदाहरणातल्या स्टॅकला सेकंदाला 20 अँपिअर ही सुरक्षित सुरुवात आहे. आधी हवा वाढवायची, मग करंट, हा क्रम कंट्रोलरमध्ये पक्का असेल. करंट उतरवायला मात्र वेग चालतो. स्टॅकचे व्होल्टेज 43 व्होल्टवर, म्हणजे सेलमागे 0.6 वर आले की कन्व्हर्टर स्वतःहून करंट कमी करू लागेल आणि 40 व्होल्टला शून्यावर आणील. कॅनवरचा संदेश 300 मिलिसेकंद आला नाही तर कन्व्हर्टर वाट न पाहता करंट उतरवील. केबल ढिली झाली म्हणून शेवटचा आकडा धरून तासभर चालत राहणारे कन्व्हर्टर स्टॅकचा घात करतात. संदेशाखेरीज एक स्वतंत्र तार, म्हणजे हार्डवेअर इंटरलॉक, हवीच. सॉफ्टवेअर अडकले तरी ती तुटली की करंट बंद.

मग लोडला लागणारी बाकीची शक्ती कुठून येते? बॅटरीतून. वरच्या उदाहरणात साडेसतरावरून 82 अँपिअरवर सेकंदाला 20 च्या वेगाने जायला सव्वातीन सेकंद लागतात. त्या वेळात बॅटरीला द्यावी लागणारी ऊर्जा जेमतेम सव्वा ते दीड वॅट-तास. मोबाइलच्या बॅटरीत याच्या कित्येक पट ऊर्जा असते. एवढ्याशा ऊर्जेअभावी लाखोंचा स्टॅक मरू द्यायचा नाही, एवढेच काम.

बॅटरीची निवड मात्र या ऊर्जेवरून करू नये. ग्रिड गेल्यावर स्टॅक गरम होऊन लोड घ्यायला अर्धा ते एक मिनिट लागतो. पहिला प्रयत्न फसला तर दुसरा, तिसरा. म्हणून 10 ते 15 मिनिटांचा पूर्ण लोड धरावा. कागदावर 51.2 व्होल्ट, 50 अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे अडीच युनिट, भरपूर वाटते. पण लोड 5 किलोवॅटजवळ गेला तर तिच्यातून 100 अँपिअर जातील, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट दराने. बाजारातल्या बऱ्याच पॅकची बीएमएस (बॅटरीवर पहारा ठेवणारे सर्किट) दर एकपटीच्या वर गेला की तोडते. मग ऐन वेळी बॅटरीही गेली आणि स्टॅकही तयार नाही. याच कारणासाठी 100 अँपिअर-तास मागावी, किंवा बीएमएसचा सलग आणि 10 सेकंदांचा करंट स्वतंत्र लिहून घ्यावा. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सुरू होताना आपल्या नेहमीच्या करंटच्या सहा-सात पट ओढते. तो झटका इन्व्हर्टर आणि बॅटरीने पेलायचा आहे, स्टॅकला त्याची चाहूलही लागता कामा नये. लोडमध्ये मोटरी असतील तर त्यांची यादी आणि सॉफ्ट स्टार्टर आहे की नाही हे परिशिष्टात द्या.

आता 100 हर्ट्झ. या दोषाने स्टॅक त्याच दिवशी बंद पडत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही. सिंगल फेज 50 हर्ट्झच्या विजेत शक्ती सेकंदाला 100 वेळा शून्य ते दुप्पट अशी हेलकावते. ती लहर कुठेतरी साठवावी लागते. नाही साठवली तर ती इन्व्हर्टरमधून मागे सरकत बसवर, आणि तिथून स्टॅकवर येते. सरासरी 80 अँपिअर दिसतात, पण स्टॅकला क्षणोक्षणी त्याहून खूप जास्त आणि खूप कमी असे झटके बसत असतात. हवा आणि हायड्रोजनचा पुरवठा सरासरीवर ठरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक शिखराला किंचित उपासमार होते. उष्णता वाढते, इंधन जास्त लागते, आणि वर्षभराने स्टॅक ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त थकलेला निघतो. कन्व्हर्टरच्या स्विचिंगची, म्हणजे दहा-वीस किलोहर्ट्झच्या वरची लहर त्या मानाने निरुपद्रवी. सेलच्या पृष्ठभागावरच कॅपॅसिटरसारखा थर असतो, तो तिला बराचसा शोषून घेतो. 100 हर्ट्झला तो पुरा पडत नाही.

उपाय जुना आणि माहितीतला आहे, फक्त पैसे वाचवताना तो पहिला कापला जातो. इन्व्हर्टरच्या आत 400 व्होल्टच्या डीसी लिंकवर, म्हणजे एसी होण्याआधीच्या टप्प्यावर, पुरेसा कॅपॅसिटर हवा. 4 किलोवॅटला, लिंकवर शिखरापासून शिखरापर्यंत 20 व्होल्टची लहर चालू दिली, तर सुमारे 1,600 मायक्रोफॅरड लागतात. त्या कॅपॅसिटरांना 100 हर्ट्झचे 7 अँपिअर सतत सोसावे लागतात, म्हणून नुसते मायक्रोफॅरड पाहून चालत नाही, रिपल करंटची, म्हणजे हा लहरी करंट सोसण्याची, क्षमताही मागा. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. कॅपॅसिटर योग्य असूनही लहर स्टॅकवर जाऊ शकते. लिंकला वीज देणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरचा व्होल्टेज लूप (व्होल्टेज सतत मोजून दुरुस्त करणारे नियंत्रण) फार चपळ ठेवला, तर तो लिंकवरची 20 व्होल्टची लहर पुसायला धावतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती मागून, म्हणजे बस आणि स्टॅककडून, 100 हर्ट्झनेच ओढतो. इथे लिंक हलू दिली पाहिजे. बाहेरचा व्होल्टेज लूप 10 ते 15 हर्ट्झचा संथ, आतला करंट लूप एक-दोन किलोहर्ट्झचा चपळ, आणि मध्ये 100 हर्ट्झला अडवणारा नॉच फिल्टर, ही मांडणी चालते. स्टॅकजवळचा कन्व्हर्टर व्होल्टेज न सांभाळता करंट सांभाळणारा असावा, बसचे व्होल्टेज बॅटरीने धरावे. तरी उरलीसुरली लहर बॅटरीवर जाते, स्टॅक वाचतो. निविदेत एक ओळ पुरेशी आहे : स्टॅकच्या केबलवर मोजलेला 100 हर्ट्झचा घटक शिखरापासून शिखरापर्यंत पूर्ण लोडच्या करंटच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, स्टॅक-निर्मात्याची मर्यादा याहून कडक असल्यास ती लागू.

लहान भागांपैकी तीन ठिकाणी हमखास चूक होते. स्टॅक आणि कन्व्हर्टरच्या मध्ये उलट करंट अडवणारा घटक हवा, नाहीतर स्टॅक बंद असताना बॅटरी त्याच्यात करंट ढकलते. साधा शॉटकी डायोड लावला तर 107 अँपिअरला पन्नासेक वॅट उष्णता होते. 1 मिलिओहमच्या मॉसफेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) 'आयडियल डायोड' केला तर साडेअकरा वॅट. कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टॅक जोडणारा-तोडणारा स्विच, डीसीचाच असावा. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही. आणि कॉन्टॅक्टरच्या पलीकडे कन्व्हर्टरचे रिकामे कॅपॅसिटर असतात. थेट जोडले तर झटक्याने कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात, मग आणीबाणीत स्टॅक तोडताच येत नाही. 2,200 मायक्रोफॅरडला 47 ओहमचा प्रीचार्ज रेझिस्टर (कॅपॅसिटर आधी हळू भरणारा) दिला तर अर्ध्या सेकंदात काम होते. फ्युजच्या भरवशावर मात्र राहू नका. शॉर्ट सर्किट झाले तर स्टॅक बॅटरीसारखा हजारो अँपिअर देत नाही, त्यामुळे फ्युज उडायला उशीर होतो किंवा तो उडतच नाही. संरक्षण अंडरव्होल्टेज आणि करंट मोजणाऱ्या सर्किटनेच द्यावे लागते.

दूरसंचार मनोऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे 48 व्होल्टच्या बसची धन बाजू अर्थ केलेली असते. पाण्याने थंड होणाऱ्या स्टॅकमध्ये कूलंट सेलच्या थेट संपर्कात असतो, त्यामुळे त्याची विद्युतवाहकता 5 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली ठेवावी लागते. नळाचे पाणी टाकले, किंवा पाण्यातले क्षार काढणारे डीआयोनायझर काडतूस वेळेवर बदलले नाही, तर कूलंटमधून अर्थकडे गळती सुरू होते. मनोऱ्यांसाठी म्हणूनच आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि इन्सुलेशन मॉनिटर मागा.

स्टॅक रिकामा चालू ठेवणेही त्याच्या मुळावर येते. सेलमागे व्होल्टेज 0.85 च्या वर तासन्तास राहिले की प्लॅटिनम विरघळू लागते. 'तयार राहावा' म्हणून लोडविना स्टॅक चालू ठेवण्याची मागणी निविदेत असेल तर ती काढा. दुसऱ्या टोकाला, वारंवार चालू-बंद करणेही वाईट, कारण प्रत्येक सुरुवातीला ॲनोडमध्ये, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, हवा आणि हायड्रोजन काही क्षण एकत्र असतात आणि कॅथोडचा, म्हणजे हवेच्या बाजूचा, कार्बन झिजतो. चांगला कंट्रोलर बॅटरीचा उपयोग करून यातून वाट काढतो : बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की स्टॅक सुरू, मग तो 40 ते 60 टक्क्यांवर सलग आणि शांत चालतो, लोड हलका असेल तर उरलेली शक्ती बॅटरीत, बॅटरी भरली की स्टॅक नीट बंद. बंद करतानाही लोड काढला, हायड्रोजन तोडला, उरलेला वायू एका ब्लीड रेझिस्टरवर संपवला, या क्रमाने. किती वेळा सुरू झाला याची मोजणी वॉरंटीत धरा.

उन्हाळ्याविषयी थोडे, कारण बाहेरची माहितीपत्रके 25 अंशांची असतात. पूर्ण लोडवर हा स्टॅक 5 किलोवॅट विजेबरोबर साडेचार किलोवॅटहून जास्त उष्णता टाकतो आणि त्याचा कूलंट 65 अंशांच्या आसपास असतो. 25 अंशांच्या हवेत फरक 40 अंशांचा मिळतो. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये 50 धरा, आणि फरक उरतो 15. त्याच उष्णतेसाठी रेडिएटर आणि हवा मिळून अडीच-पावणेतीनपट लागतात. हवेने थंड होणाऱ्या उघड्या कॅथोडच्या स्टॅकमध्ये कोरड्या गरम हवेने मेंब्रेनच सुकते. विदर्भ-मराठवाड्यासाठी तो घेऊ नये असे आमचे मत आहे. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांनी निम्मे होते, तेव्हा इन्व्हर्टर आणि स्टॅकचा रेडिएटर एकाच हवेच्या वाटेत मागेपुढे बसवू नका. आणि हवा आत घेण्याचे तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ, शौचालयाच्या व्हेंटजवळ किंवा लेड-ॲसिड बॅटरीच्या खोलीत नको. सल्फर आणि अमोनिया उत्प्रेरकाला आणि मेंब्रेनला विषासारखे लागतात. धुळीचा फिल्टर त्यांना अडवत नाही, केमिकल फिल्टर लागतो. कोकणात मिठासाठीही तोच.

सुरक्षेचे नियम आपल्याकडे आहेत, त्यांची पुनरुक्ती करत नाही. सिलिंडर साठ्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. नियंत्रणाशी जोडलेला एकच भाग सांगतो. ॲनोडमध्ये साठलेला नायट्रोजन आणि पाणी काढायला पर्ज व्हॉल्व्ह ठरावीक अँपिअर-तासांनी क्षणभर उघडतो आणि थोडा हायड्रोजन बाहेर सोडतो. पर्जची नळी कॅबिनेटबाहेर, वर, उघड्यावर न्यावी. हायड्रोजन 4 टक्क्यांना पेट घेऊ शकतो; म्हणून छताला लावलेला सेन्सर 1 टक्क्याला अलार्म देईल आणि सॉफ्टवेअरच्या मध्यस्थीविना व्हॉल्व्ह आणि कॉन्टॅक्टर बंद करील, असे लिहा. हायड्रोजनची शुद्धता आयएसओ 14687 च्या 'डी' दर्जाची, 99.97 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 0.2 पीपीएमच्या आत. स्वस्त औद्योगिक सिलिंडर चालवला की कितीही चांगला कंट्रोलर उपयोगाचा राहत नाही.

कमिशनिंगच्या दिवशी बल्ब लावून फोटो काढण्यापेक्षा चार गोष्टी करून घ्या. डीसी मोजणारा क्लॅम्प आणि ऑसिलोस्कोप स्टॅकच्या केबलवर लावा, पूर्ण लोड द्या, 100 हर्ट्झचा घटक मोजा. मग 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर लोड एका झटक्यात टाका आणि स्टॅकचा करंट उताराने चढतो की उडी मारतो हे स्क्रीनवर पाहा. सर्वांत कमकुवत सेल 0.4 व्होल्टच्या खाली गेला तर यंत्रणा नापास. लोड चालू असताना कॅनची केबल काढा आणि करंट किती वेळात शून्यावर येतो ते मोजा. शेवटी चार तास पूर्ण लोड, शक्यतो दुपारी, आणि सिलिंडरांचे आधीचे-नंतरचे वजन. भरलेला सिलिंडर पन्नास-साठ किलोंचा आणि वजनातला फरक काहीशे ग्रॅमचा असतो, म्हणून बारीक मोजणारा काटा आणा. निविदेतला 'युनिटमागे ग्रॅम' हा आकडा इथे तपासला जातो. कामगिरीच्या चाचण्यांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी 62282-3-200 (10 किलोवॅटच्या आतल्या यंत्रणेसाठी 62282-3-201) आणि सुरक्षेसाठी 62282-3-100 यांचा हवाला द्या, पण वरच्या चार चाचण्या तुमच्या साक्षीने, तुमच्या जागेवर व्हाव्यात.

आणि जबाबदारी एकाचीच ठेवा. स्टॅक एकाचा, कन्व्हर्टर दुसऱ्याचा, इन्व्हर्टर तिसऱ्याचा अशी खरेदी झाली की स्टॅक खराब झाल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि कोणाकडेच पुरावा नसतो. यावर इलाज नोंदींचा. स्टॅकचे व्होल्टेज, करंट, सर्वांत कमी सेल व्होल्टेज, कूलंटचे तापमान, हायड्रोजनचा दाब, ब्लोअरचा वेग आणि सुरू होण्याची संख्या दर सेकंदाला नोंदवली जावी, वर्षभर जपली जावी, आणि ती खरेदीदाराला साध्या फाइलमध्ये उघडता यावी. मॉडबस (यंत्रांमधली आणखी एक संदेशपद्धत) किंवा कॅनचा पूर्ण नकाशा, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा, हस्तांतराच्या कागदपत्रांतच हवा. तो नसेल तर पाच वर्षांनी कन्व्हर्टर बदलायची वेळ आली की संपूर्ण यंत्रणा नव्याने घ्यावी लागते.

आमची विनंती अशी की महाऊर्जाने या अटींचे एक दोन-तीन पानी नमुना परिशिष्ट मराठी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावे आणि राज्यातल्या पुढच्या प्रत्येक फ्युएल सेल खरेदीला ते जोडणे बंधनकारक करावे. मसुदा तयार करण्यात, आकडे तपासण्यात आणि कमिशनिंगच्या चाचण्या शिकवण्यात आम्ही विनामूल्य वेळ देऊ. स्टॅकची क्षमता बदलली की या पत्रातले अँपिअर, लिटर आणि मायक्रोफॅरड बदलतील; ते कसे बदलायचे त्याचे गणितही सोबत देऊ.

आपले,
पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि फ्युएल सेल यंत्रणांवर काम करणारे काही अभियंते
पुणे